धनादेश, नकाशे आणि वर्गातला इतिहास

१ ऑगस्ट १८६८ या तारखेचा, ७२ लाख डॉलरचा एक सरकारी धनादेश अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन करून ठेवला आहे. त्याचा क्रमांक ९७५९. रशियाचे वॉशिंग्टनमधील राजदूत एडवर्ड द श्टेकल यांच्या नावे तो काढलेला आहे. अलास्का हा अफाट प्रदेश रशियाकडून अमेरिकेकडे आला त्याची ही किंमत. एकरी हिशेब केला तर दोन सेंटही भरत नाहीत. अभिलेखागाराने देशाच्या इतिहासातील शंभर महत्त्वाचे दस्तऐवज निवडले, त्यांत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबरोबर या धनादेशालाही स्थान मिळाले. त्याची स्वच्छ प्रतिमा कोणत्याही शिक्षकाला विनामूल्य मिळते आणि ती वर्गात कशी वापरावी याचे मार्गदर्शनही मिळते.

व्यापारी घरातल्या मुलासमोर हा धनादेश ठेवला तर त्याचे लक्ष प्रथम तारखेकडे जाईल. खरेदीचा करार ३० मार्च १८६७ रोजी झाला. सिटका येथे रशियाचा ध्वज उतरून अमेरिकेचा चढला तो १८ ऑक्टोबर १८६७ रोजी. पैसे मात्र पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात. म्हणजे सौदा आधी, ताबा नंतर आणि रक्कम सर्वांत शेवटी! असे का झाले, या एका प्रश्नातून मुलाला अमेरिकेच्या राज्यघटनेचे एक मोठे कलम समजते. करार अध्यक्षांनी करावा, त्याला सेनेटने मान्यता द्यावी. परंतु तिजोरीतून पैसा काढण्यासाठी कनिष्ठ सभागृहाचीही संमती लागते, आणि त्या सभागृहाने ती देण्यास जुलै १८६८ उजाडवला. पाठ्यपुस्तकात हेच चार ओळींत दिलेले असते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. धनादेशावरील तारखेने पडलेला पेच मूल सहसा विसरत नाही.

चांगला शिक्षक यापुढे आणखी एक प्रश्न विचारतो : या व्यवहारात कोणाची सही नाही? देणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची आहे. त्या भूमीवर हजारो वर्षे राहणाऱ्या त्लिंगित, अल्यूत आदी लोकांची कोठेही नाही. त्यांच्या हक्कांचा कायदेशीर निवाडा १९७१ साली झाला. त्यांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. मूळ खरेदीची रक्कम आणि एकशे चार वर्षांनंतरची ही भरपाई शेजारी शेजारी मांडली, की इतिहासाचा तास अंकगणिताच्या तासाहून फारसा वेगळा राहत नाही.

अमेरिकेत संपूर्ण देशासाठी एकच अभ्यासक्रम नाही. प्रत्येक राज्य आपापला ठरवते. साधारणपणे चौथीत मूल स्वतःच्या राज्याचा इतिहास शिकते, पाचवीत देशाचा, आणि पुढे आठवीत व अकरावीत तोच अधिक खोलात जाऊन. भूगोल बहुतेक ठिकाणी समाजशास्त्राच्या पोटात असतो. मात्र मूळ कागद मुलांच्या हाती देण्याची रीत गेल्या अर्धशतकात तेथे चांगलीच रुजली आहे. महाविद्यालयीन पातळीच्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ इतिहास परीक्षेत १९७३पासून असा प्रश्न असतो, की ज्यात काही मूळ दस्तऐवज पुढे ठेवून त्यांच्या आधारे उत्तर लिहावयाचे असते. लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने शिक्षकांसाठी जो नमुना तक्ता केला आहे, त्यात तीनच पायऱ्या आहेत : पाहा, विचार करा, प्रश्न विचारा. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग या अभ्यासकाने उभ्या केलेल्या गटाचे पाठ त्यापुढे जातात. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या हेतूने लिहिला आणि दुसरा कागद त्याला दुजोरा देतो काय, हे मुलांनी आधी तपासावे आणि मगच त्यातील मजकुरावर बोलावे, अशी त्यांची शिस्त आहे. पेढीवर किर्द आणि खतावणीची रुजवात घालणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. बाराव्या वर्षी मुलाला ही सवय लावणे, एवढाच काय तो नवेपणा.

भूगोलासाठी वापरल्या जाणाऱ्या साहित्यात सॅनबॉर्न नकाशांइतके मनोरंजक दुसरे काही क्वचितच सापडेल. हे नकाशे शाळेसाठी नव्हतेच मुळी. डॅनियल सॅनबॉर्न या सर्वेक्षकाने १८६७ साली न्यूयॉर्क येथे कंपनी काढली, ती आगीच्या विमा कंपन्यांसाठी. कोणत्या गल्लीतील कोणते दुकान विटांचे आणि कोणते लाकडी, भिंत केवढी जाड, पाण्याचा नळ किती अंतरावर, शेजारी बेकरीची भट्टी आहे की रंगाचे गुदाम, हे सारे विमा कंपनीला हप्ता ठरवण्यापूर्वी कळावे लागे. म्हणून पन्नास फुटांना एक इंच या प्रमाणात प्रत्येक इमारत रेखाटली जाई. विटांचे बांधकाम गुलाबी, लाकडी पिवळे आणि दगडी निळसर. सुमारे बारा हजार शहरे आणि गावे अशी नोंदली गेली. काही वर्षांनी पुन्हा पाहणी होऊन नवे पत्रक निघे, त्यामुळे एकाच चौकाचे तीन-चार काळांतले रूप उपलब्ध असते. विद्यार्थ्याला सांगितले जाते : आपल्या शाळेची जागा १८९० सालच्या पत्रकात शोध, मग १९१०च्या, मग १९३०च्या. घोड्यांचा तबेला होता तेथे मोटारीची दुरुस्ती आली, लाकडाची वखार जाऊन चित्रपटगृह आले, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी वाचते. जोखीम मोजण्यासाठी केलेला कागद शतकानंतर गावाचे चरित्र सांगू लागला!

याचा अर्थ तेथील शाळांत सारे आलबेल आहे असा नव्हे. आठवीच्या विद्यार्थ्यांची इतिहासाची जी राष्ट्रीय चाचणी होते, तिचे २०२२चे निकाल २०१८पेक्षाही खाली गेले आणि अपेक्षित प्रावीण्य गाठणारे विद्यार्थी सातांत जेमतेम एक निघाले. साधने विपुल असली तरी ती प्रत्येक वर्गात पोचत नाहीत. आणि प्रकल्प म्हणून जे होते त्यातही भुसा पुष्कळ. कॅलिफोर्नियातील चौथीच्या मुलांनी ‘मिशन’ची प्रतिकृती करावयाची, ही तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा. स्पेनच्या धर्मोपदेशकांनी १७६९ ते १८२३ या काळात सॅन दिएगोपासून सोनोमापर्यंत अशी एकवीस ठाणी वसवली. त्यांपैकी एकाची प्रतिकृती साखरेचे चौकोनी खडे, पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या यांतून उभी करावयाची. दुकानांतून तयार संच मिळू लागले आणि आदल्या रात्री ते जोडण्याचे काम आईवडिलांकडे आले. चार्ट पेपर आणि डिंकाची बाटली घेऊन रात्री अकरापर्यंत बसलेले पालक महाराष्ट्रातही अपरिचित नाहीत. प्रतिकृती सुबक होत असे. पण त्या भिंतींच्या आत मूळ रहिवाशांना कसे राबवले गेले आणि आलेल्या साथींनी त्यांची संख्या कशी घटत गेली, याचा त्यात मागमूस नसे. अखेर २०१६ साली राज्याच्या अभ्यासक्रम-आराखड्यानेच साखरेच्या मिशनला नापसंती दर्शवली आणि मूळ साधने वाचून घेण्याकडे शिक्षकांना वळवले.

याउलट एक खेळ असा आहे, की जो करमणुकीचा दिसूनही हिशेब शिकवतो. मिनेसोटा राज्यात १९७१ साली डॉन रॉइच, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या तीन शिकाऊ शिक्षकांनी संगणकासाठी ‘ओरेगन ट्रेल’ रचला. त्या काळी पडदाही नव्हता. उत्तरे कागदावर छापून येत. मिझुरीपासून ओरेगनपर्यंतच्या सुमारे दोन हजार मैलांच्या वाटेवर खेळणाऱ्याने आपले कुटुंब सुखरूप न्यायचे. हाती नऊशे डॉलरची बचत, त्यांतले दोनशे गाडीपायी गेलेले. उरलेल्या सातशेंत बैल, अन्न, काडतुसे, कपडे आणि औषधपाणी. बैलांवर कमी खर्च केला तर वेग मंदावतो, कपड्यांवर केला तर डोंगरात थंडी गाठते, आणि सर्व रक्कम आधीच संपवली तर वाटेतल्या ठाण्यावर काही घेता येत नाही. खेळात शिकारीची सोय आहे, पण ती सक्तीची नाही. आरंभीच अन्नाची पुरेशी तरतूद करणाऱ्यास ती टाळता येते, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांच्या नातवंडांना सांगण्यासारखी आहे. खेळाची मोठी उणीव म्हणजे ज्यांच्या भूमीतून ही वाट गेली ते लोक त्यात केवळ प्रसंगापुरते येतात. २०२१च्या आवृत्तीत त्या समाजातील अभ्यासकांचा सल्ला घेऊन ती काही अंशी दूर करण्यात आली.

इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय ज्या एका कागदावर भेटतात, तो म्हणजे सप्टेंबर १८६१चा गुलामांच्या संख्येचा नकाशा. अमेरिकेच्या किनारा-सर्वेक्षण खात्याने १८६०च्या जनगणनेवरून तो तयार केला. दक्षिणेतील प्रत्येक जिल्ह्यात शंभरांमागे किती माणसे गुलाम आहेत ते त्यात फिक्या-गडद छटांनी दाखवले आहे. प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेले की छटा जवळजवळ काळी होते. अध्यक्ष लिंकन हा नकाशा वारंवार पाहत. मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या वाचनाचे जे प्रसिद्ध चित्र फ्रान्सिस कार्पेंटर या चित्रकाराने काढले, त्याच्या कोपऱ्यातही तो टेकवून ठेवलेला दिसतो. वर्गात या नकाशाशेजारी नद्यांचा, मातीचा आणि कापसाच्या पिकाचा नकाशा ठेवतात. मिसिसिपीच्या दोन्ही काठांवरील गाळाची जमीन आणि अलाबामातला काळ्या मातीचा पट्टा जेथे आहे, नेमके तेथेच छटा काळवंडलेली असते. व्हर्जिनियाचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग मात्र जवळजवळ पांढरा. तो भाग युद्धाच्या मध्यावर, १८६३ साली, व्हर्जिनियापासून फुटून निराळे राज्य का झाला, याचे उत्तर विद्यार्थी नकाशावर बोट ठेवून देतो.

या नकाशातील कापसाचा धागा मुंबईपर्यंत पोचलेला आहे. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश अमेरिकेच्या दक्षिणेतून जात असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी मुंबईकडे धाव घेतली. भाव चढले, पैशाचा पूर आला, भरावाच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्या काळी मुंबईच्या बाजारात हुंडीसारखे चाले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली आणि त्याच वर्षी मुंबईचा बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून सावरली नाही. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा राजाबाई टॉवर त्या दिवसांची आठवण म्हणून आजही उभा आहे. मुंबईच्या तेजीमंदीची कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. त्या कथेत अमेरिकेचे युद्ध हे केवळ भाव वाढण्याचे कारण म्हणून येते. बंदरे रोखली जाण्यापूर्वी तो कापूस कोण वेचत होते, हे तीत सहसा येत नाही.

ते कोण होते, हे अमेरिकेतील मूल ज्या कागदावरून शोधू लागते, तो कागद हिशेबाच्या वहीसारखाच आहे. १८५० आणि १८६० या दोन जनगणनांत गुलामांची निराळी पत्रके भरली गेली. पहिल्या रकान्यात मालकाचे नाव. पुढे संख्या, वय, स्त्री की पुरुष, वर्ण, आणि पळून गेला असल्यास तशी नोंद. माणसाचे नाव लिहिण्यास रकानाच नाही. ‘वय ३२, स्त्री’, ‘वय ९, पुरुष’, ‘वय २, पुरुष’, अशा ओळी पानामागून पान चालू राहतात. १८६० साली अशी माणसे ३९ लाख ५३ हजारांवर होती. शिक्षक मुलांना एक पान देतात आणि त्यातून एखादे कुटुंब ओळखता येते काय ते पाहावयास सांगतात. आई कोणती, मुले कोणती, याचा अंदाज बांधता येतो. खात्री करता येत नाही. मुक्तीनंतर झालेल्या १८७०च्या जनगणनेत हीच माणसे प्रथम नावानिशी दिसतात, आणि ही दोन पाने जोडणे हे मोठ्या वर्गांतील मुलांचे काम.

जोडणी जेथे तुटते तेथे एका बुडीत बँकेची दप्तरे उपयोगी पडतात. मुक्त झालेल्या गुलामांनी चार पैसे शिल्लक टाकावेत म्हणून ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट कंपनी’ या बचत बँकेची सनद ३ मार्च १८६५ रोजी लिंकन यांच्या सहीने निघाली. खातेदाराला वाचता-लिहिता येण्याचा संभव कमी आणि एकाच नावाची माणसे अनेक. मग ओळख पटवावी कशी? बँकेने खाते उघडतानाच पुष्कळ माहिती विचारली : जन्म कोठे, वाढ कोठे, काम काय, वडील कोण, आई कोण, भावंडे किती व कोठे, सुरुवातीच्या अर्जांवर तर पूर्वीचा मालक कोण हेही. ज्यांची आई एका राज्यात विकली गेली होती आणि भाऊ दुसऱ्या, अशा माणसांनी कारकुनापुढे उभे राहून ती नावे सांगितली आणि त्याने ती लिहून घेतली. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी फुलीची खूण केली. आजच्या ग्राहक-ओळख अर्जाचाच तो पूर्वज म्हणावयाचा. मात्र येथे कारकुनाच्या सावधगिरीने ताटातूट झालेल्या कुटुंबांची एकमेव लेखी नोंद निर्माण झाली.

बँक मात्र टिकली नाही. १८७० साली तिच्या सनदेत बदल होऊन स्थावर तारणावर कर्जे देण्याची मुभा मिळाली, गैरव्यवहार वाढले, आणि १८७३च्या आर्थिक अरिष्टाने उरलेसुरले धैर्य संपवले. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीतून आलेले थोर वक्ते मार्च १८७४मध्ये तिचे अध्यक्ष झाले. त्यांनी पदरचे दहा हजार डॉलर तिला उसने दिले. जूनअखेर तिने दारे लावली. ६१ हजारांवर खातेदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले आणि कित्येकांना त्यातली कवडीही परत मिळाली नाही. ठेवींना सरकारची हमी आहे, अशी अनेकांची समजूत होती. ती हमी नव्हती. ठेवी गेल्या, दप्तरे राहिली. त्यांत सुमारे ४ लाख ८० हजार नावे आहेत. आज एखादा विद्यार्थी त्यांच्या आधारे जनगणनेच्या पत्रकातील ‘वय ९, पुरुष’ या ओळीपर्यंत नाव घेऊन पोचू शकतो.

बँकेच्या कागदांचा वर्गातील दुसरा उपयोग विसाव्या शतकातला आहे. मंदीच्या काळात घरे जप्त होऊ लागली तेव्हा १९३३ साली सरकारने गृहकर्जे नव्याने बांधून देण्यासाठी एक महामंडळ स्थापले. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करवून घेतले. उत्तम वस्ती हिरवी, बरी वस्ती निळी, उतरतीची पिवळी आणि ‘धोकादायक’ ती तांबडी. प्रत्येक विभागासाठी एक छापील पत्रक भरले जाई. त्यात घरांचे वय, भाडे, विक्रीची किंमत यांबरोबर रहिवाशांत कृष्णवर्णीय किती, परदेशात जन्मलेले किती, हेही विचारलेले असे. आणि कृष्णवर्णीय वस्ती बहुतेक ठिकाणी तांबडी ठरे. रिचमंड विद्यापीठाने २०१६ साली हे नकाशे व पत्रके सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून आपल्या शहराचा नकाशा काढून त्यावर आजची घरांची किंमत, झाडांची दाटी, उन्हाळ्यातले तापमान बसवून पाहणे हा अनेक शाळांचा आवडता प्रकल्प झाला आहे.

येथे सावध शिक्षक मुलांना थोडे थांबवतात. महामंडळाची बहुतेक कर्जे नकाशे होण्यापूर्वीच दिली गेली होती आणि त्यांतली काही पुढे तांबड्या ठरलेल्या भागांतही गेली होती, असे इतिहासकारांनी दाखवले आहे. गृहकर्जाला विमा देणाऱ्या १९३४च्या दुसऱ्या सरकारी संस्थेच्या नियमांनी अधिक हानी केली, असा मोठा मतप्रवाह आहे. घर विकताना व भाड्याने देताना वर्णभेद करण्यास कायद्याने बंदी आली ती १९६८ साली, आणि ज्या भागातून ठेवी घेता त्या भागाची कर्जाची गरजही भागवा, असे बँकांना बजावणारा कायदा आला १९७७ साली. तेव्हा एका रंगीत नकाशावर सर्व दोष टाकणे पुराव्याला धरून होत नाही. म्हणून मुलांना नकाशावरून पुन्हा पत्रकाकडे नेतात आणि त्याच्या तळाची ओळ वाचावयास लावतात. वरची माहिती कोणाकडून घेतली, हे तेथे लिहावे लागे. त्या जागी दिसतात ती त्याच शहरातील घरांच्या दलालांची आणि कर्ज देणाऱ्या संस्थांच्या अधिकाऱ्यांची नावे.